ताईच्या घरगुती ऑनलाइन विक्रीचे खर्च आयकरात दाखवताना: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते सप्टेंबर २०२५

५ एप्रिल २०२५

काम असं: ताईच्या ऑनलाइन विक्रीचा २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा हिशोब लावायचा आणि विवरणपत्रात खर्च नीट दाखवायचे. धंद्याचं हे पहिलंच वर्ष. माल म्हणजे सुती अभ्रे, टेबलक्लॉथ, कापडी पिशव्या. विक्री दोन मार्केटप्लेसवर, थोडीफार थेट. जीएसटी नोंदणी सुरुवातीपासून आहे, कारण मार्केटप्लेसवरून परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली आहे, पण ताईची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं बाहेरची.

ताईची नोकरी चालू आहे, त्यामुळे धंद्यातला नफा थेट पगाराच्या वर जाऊन बसतो. नव्या करप्रणालीच्या २०२४-२५ च्या दरांत तिचं वरचं उत्पन्न १२ ते १५ लाखांच्या टप्प्यात येतं: २० टक्के कर, त्यावर ४ टक्के सेस. म्हणजे हजार रुपयांचा खरा खर्च दाखवायचा राहिला तर २०८ रुपये फुकट गेले. हा आकडा मी शीटमध्ये सगळ्यात वर लिहून ठेवलाय. कुठल्या बिलामागे किती धावायचं ते त्यावरून ठरेल.

६ एप्रिल

ताईने ३१ मार्चच्या रात्री माल मोजून ठेवला होता, ते फार बरं झालं. वर्षभरात घेतलेलं सगळं कापड खर्चात जात नाही. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, त्यातून अखेरचा साठा वजा. उरेल तो विकल्या गेलेल्या मालाचा खर्च. कपाटात पडून असलेलं कापड पुढच्या वर्षाचं.

मार्केटप्लेसच्या गोदामात ठेवलेले नगही आपलेच, ते मोजणीत धरले. डाग पडलेले, परत आलेले अभ्रे वेगळे काढले. खरेदीची किंमत आणि आता जे मिळतील ते पैसे, यात जे कमी त्या भावाने साठा धरायचा असतो; डागाळलेल्यांचा भाव त्यामुळे बराच उतरला. काही नग अगदीच टाकून द्यावे लागले. त्यांच्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीत भरलेला जीएसटी, जो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो) परत फिरवावं लागेल. भेट म्हणून किंवा नमुना म्हणून फुकट दिलेल्या पिशव्यांनाही तोच नियम.

१९ एप्रिल

ताईने बिलांची पिशवी आणून दिली. वर विजेची बिलं, खाली पेट्रोल पंपाच्या उडालेल्या शाईच्या पावत्या. "अरे, विजेचं किती धरता येईल ते आधी सांग," हा तिचा पहिला प्रश्न. घरून धंदा करणारे सगळे बहुधा इथूनच सुरुवात करतात. पिशवी बाजूला ठेवली आणि आधी दोन्ही मार्केटप्लेसचे सेटलमेंट रिपोर्ट (ऑर्डरवार किती आले, किती कापले, किती दिले याचा हिशोब) उतरवायला घेतले.

२० एप्रिल

आजची नोंद मोठी, कारण खरा मामला इथेच आहे.

ताई आजवर बँकेत आलेल्या रकमेलाच विक्री म्हणत होती. बँकेत येतं ते सगळी कापाकापी होऊन उरलेलं. एका ऑर्डरची ओळ उलगडून पाहिली: गिऱ्हाइकाने भरलेली रक्कम, तीतून कमिशन, प्रत्येक ऑर्डरमागची ठराविक फी, वजनानुसार पाठवणी, या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी, मग जीएसटीचा टीसीएस (मार्केटप्लेस विक्रीतून कापून सरकारात भरतं तो जीएसटी), मग आयकराचा टीडीएस (तसाच कापलेला आयकर). शिवाय जाहिरातीचा खर्च वेगळ्या ओळीत, परतीची पाठवणी आणखी वेगळ्या रिपोर्टमध्ये.

बँकेची रक्कम विक्री म्हणून धरली आणि वर कमिशन, कुरिअरही खर्चात टाकलं, तर तोच खर्च दोनदा लागतो. उलट बँकेची रक्कमच विक्री आणि खर्च काहीच नाही, असं केलं तर नफा कदाचित बरोबर येईल, पण विक्रीचा आकडा आयकर खात्याकडे पोचलेल्या आकड्याशी जुळणार नाही. म्हणून विक्री पूर्ण दाखवायची आणि प्रत्येक कपात आपापल्या खात्यात टाकायची.

यातल्या सगळ्या कपाती खर्च नाहीत, हेही लिहून ठेवतो:

टीडीएस (कलम १९४-ओ) खर्च नाही, तो ताईच्या नावावर आगाऊ भरलेला आयकर आहे. आयकर हा स्वतः कधीच खर्च म्हणून चालत नाही. जीएसटीचा टीसीएसही खर्च नाही, तो जीएसटी पोर्टलवर ताईच्या कॅश लेजरमध्ये (कर भरायच्या शिलकीत) जमा होतो. फीवरचा १८ टक्के जीएसटी ताई क्रेडिट म्हणून घेते, त्यामुळे खर्चात फी जीएसटी वगळून. नोंदणी नसलेल्याला क्रेडिट मिळत नाही, तेव्हा त्याने जीएसटीसकट पूर्ण रक्कम धरावी.

पाठवणीला उशीर झाला म्हणून मार्केटप्लेसने कापलेला दंड मात्र खर्चात बसतो. तो करारातला दंड आहे, कायदा मोडल्याचा नव्हे. आणि हरवलेल्या मालाची भरपाई मार्केटप्लेसने दिली आहे, ती उत्पन्नात. ती ओळ रिपोर्टच्या तळाशी असते आणि नजरेतून सहज निसटते.

३ मे

दोन्ही रिपोर्ट एका शीटमध्ये आले. जीएसटी आणि परतावे वजा जाता विक्री १६ लाख २० हजारांच्या घरात. मार्केटप्लेसच्या सगळ्या कपाती (कमिशन, पाठवणी, परतीची पाठवणी, जाहिरात) मिळून ५ लाख ६० हजार. विकलेल्या मालाची किंमत ७ लाख ९० हजार.

हे आकडे ताईला दाखवले. ती बराच वेळ जाहिरातीच्या ओळीकडे बघत होती. विजेचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मार्चमध्ये गेलेली आणि एप्रिलमध्ये परत आलेली पार्सलं ही एक किरकोळ कटकट. त्यांची क्रेडिट नोट (विक्री परत फिरवल्याचा कागद) एप्रिलची, जीएसटीतही ती एप्रिलमध्ये जाते. रक्कम नगण्य आहे, म्हणून पुस्तकांतही तसंच ठेवलं. दर वर्षी हीच पद्धत ठेवायची, मध्येच बदलायची नाही.

११ मे

पिशवी उघडली. आयकर कायद्याच्या कलम ३७(१) ची कसोटी लावत गेलो: खर्च भांडवली नसावा, वैयक्तिक नसावा आणि पूर्णपणे धंद्यासाठी केलेला असावा.

पॅकिंग: कुरिअरच्या पिशव्या, खोकी, टेप, लेबलचे रोल. काहीच वाद नाही. साधारण ८० हजार.

बहुतेक पैसे यूपीआयने गेलेत, म्हणून पावती हरवली तरी माग लागतो. नुसती यूपीआयची ओळ हा पैसे दिल्याचा पुरावा झाला, काय घेतलं त्याचा नाही. दुकानदारांकडे बिलांच्या प्रती मागितल्या. जीएसटीचं क्रेडिट तर बिलाशिवाय मिळतच नाही.

रोखीचं एक बिल १४ हजारांचं, कापडाचं. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिले तर तो अख्खा खर्च नामंजूर होतो, वरचे ४ हजार तेवढेच नव्हे. ताईने विचारलं, बिलं दोन करून घेतली असती तर? बिलं किती यावर काही नाही. दिवसभरात त्या माणसाला मिळून किती रोख दिले, ते बघतात. विकलेल्या मालाच्या आकड्यातून ते १४ हजार मी आयकरापुरते वेगळे काढले आहेत.

शूटिंगसाठी घेतलेली ताईची साडी: नाही. ती साडी तिने लग्नाला नेसलेली मी पाहिली आहे.

१७ मे

भाचीचा प्रश्न. ती कॉलेज सांभाळून पॅकिंग करते, फोटो काढते, लिस्टिंग लिहिते. ताई तिला महिन्याला ५ हजार देते. हे चालतं का? चालतं, पण नात्यातल्या माणसाला दिलेली रक्कम बाजारभावापेक्षा जास्त असेल तर वरचा भाग कलम ४०ए(२) खाली नाकारला जाऊ शकतो. तेवढं काम बाहेरून करून घेतलं असतं तर याहून जास्तच गेले असते. पैसे दर महिन्याला तिच्या खात्यात गेलेत, आणि कुठल्या दिवशी किती पार्सलं बांधली हे ऑर्डरच्या यादीवरूनच दिसतं. वर्षाचे ६० हजार धरले.

ताई म्हणाली, "मग यांनाही पगार दाखवू का? रविवारी हेच कुरिअरला टाकून येतात." भाओजींना प्रत्यक्षात काही दिलेलं नाही. न दिलेला पगार खर्चात येत नाही. भाओजी दाराआडून म्हणाले, "द्यायचं राहिलंय म्हणून लिहा." लिहिलेलं नाही.

२४ मे

घराचा वाटा.

भाडं: करार भाओजींच्या नावावर, भाडंही त्यांच्याच खात्यातून जातं. ताईने त्यातलं काही दिलेलं नाही, म्हणजे हा तिचा खर्चच नाही. एक खोली पूर्ण मालाने भरलेली आहे हे खरं, पण खोली वापरणं वेगळं आणि तिचं भाडं भरणं वेगळं. २०२४-२५ साठी भाड्याचा दावा शून्य.

घर भाड्याचं आणि करार तिच्या नावावर असता, तर धंद्याला दिलेल्या भागापुरतं भाडं धरता आलं असतं; कलम ३८ तसं सांगतं. तेव्हाही जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्याने तेच भाडं पुन्हा धंद्यात दाखवू नये. आणि स्वतःचं घर असेल तर स्वतःलाच भाडं देता येत नाही. घरपट्टी, दुरुस्ती, विमा यांचा योग्य वाटा तेवढा धरता येतो.

वीज: बिल भाओजींच्या नावावर असलं तरी पैसे ताईच्या खात्यातून जातात. बिलावर नाव कुणाचं यापेक्षा खर्च कुणी सोसला ते महत्त्वाचं. खोली क्षेत्रफळाने घराच्या पाचवा हिस्सा आहे, पण एसी आणि फ्रिज घरच्या बाजूला, म्हणून १५ टक्केच धरले. वर्षाचे साडेचार हजार. कर वाचला ९३६ रुपये.

इंटरनेट निम्मं. धंद्याचं सिम वेगळं आहे, त्याचा रिचार्ज पूर्ण. पेट्रोलच्या पावत्यांतून काही कळत नव्हतं. भाओजींच्या रविवारच्या फेऱ्या आणि कापडबाजाराच्या फेऱ्या खरेदीच्या बिलांच्या तारखांवरून लावल्या, किलोमीटर मोजले, तेवढंच पेट्रोल धरलं. उरलेल्या पावत्या परत पिशवीत.

टक्केवारी कशी काढली त्याचं अर्ध्या पानाचं टिपण करून फाइलमध्ये ठेवलं. विचारणा दोन-तीन वर्षांनी आली तर पंधरा टक्केच का, हे तेव्हा कुणाला आठवणार आहे?

२८ मे

कालच जाहीर झालं: विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर. घाई संपली. म्हणजे आता काम लांबणार.

१५ जून

शेवटच्या तिमाहीचा टीडीएस आता फॉर्म २६एएसमध्ये (ताईच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा) उतरलाय, म्हणून ताळा आज घेतला. याआधी केला असता तर अर्धवट झाला असता.

पहिल्या मार्केटप्लेसचा टीडीएस ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत १ टक्का आणि १ ऑक्टोबरपासून ०.१ टक्का. दर वर्षाच्या मध्येच बदललाय, म्हणून टीडीएसवरून विक्री काढायला गेलं तर गोंधळ होतो. विक्रीची रक्कम २६एएसमध्ये वेगळी लिहिलेली असते, तीच घ्यायची. जीएसटीच्या टीसीएसचंही तसंच. तो १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्धा टक्का झाला.

दुसऱ्या मार्केटप्लेसने टीडीएस कापलेलाच नाही. ५ लाखांपर्यंतच्या विक्रीवर, पॅन किंवा आधार दिलेला असेल तर, वैयक्तिक विक्रेत्याचा तो कापत नाहीत. म्हणून ती विक्री २६एएसमध्ये नाही. ती करपात्र मात्र आहेच, आणि जीएसटीच्या विवरणपत्रांमधून खात्याला दिसतेच. २६एएस, जीएसटी आणि आमची शीट असा तिहेरी ताळा बसला. फरक राहिला तो परत आलेल्या मालाचा. त्याची ऑर्डरवार यादी जोडून ठेवली.

२९ जून

घसारा. वर्षानुवर्षं चालणारी वस्तू एकदम खर्चात जात नाही, दर वर्षी ठरलेल्या दराने थोडी थोडी जाते.

लॅपटॉप: जीएसटी वगळून ५० हजार, नोव्हेंबरमध्ये घेतला. संगणकाचा दर ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दर निम्मा. गेल्या वर्षी ही रेषा ३ ऑक्टोबरला होती. म्हणून २० टक्के, १० हजार. तो भाची अभ्यासालाही वापरते, तेव्हा धंद्याचा वाटा ७० टक्के: ७ हजार. जीएसटीचं क्रेडिटही त्याच वाट्याचं घेतलंय. क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा लागत नाही.

लेबल प्रिंटर ९ हजारांचा, तो संगणकाला जोडूनच चालतो म्हणून ४० टक्के: ३,६००. रॅक फर्निचरमध्ये, २४ हजारांवर १० टक्के: २,४००. धंद्याचा फोन संगणकाच्या दरात बसवायचा मोह होतो, पण १५ टक्केच लावला: १६ हजारांवर २,४००. एकूण १५,४००.

६ जुलै

सीएंकडे जाऊन आलो. बरोबर दोन प्रश्न नेले होते.

पहिला ताईच्या ऑफिसातल्या कुणीतरी डोक्यात घातलेला: नव्या करप्रणालीत सगळ्या वजावटी गेल्या, मग धंद्याचा खर्च तरी कसा चालेल? गेल्या त्या ८०सी (गुंतवणुकीची वजावट), घरभाडे भत्ता वगैरे. माल, कमिशन, पॅकिंग, साधा घसारा हे नफा काढण्याचाच भाग आहेत; ते दोन्ही करप्रणालींत चालतात.

दुसरा प्रश्न खरा होता: एवढा खटाटोप करायचा, की कलम ४४एडी घेऊन मोकळं व्हायचं? त्या कलमात खर्च दाखवायचेच नसतात. बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरायचा, विवरणपत्राचा आयटीआर-४ फॉर्म भरायचा. गिऱ्हाइकाने दारात कुरिअरवाल्याला रोख दिले तरी ताईला पैसे मार्केटप्लेसकडून बँकेत येतात, तेव्हा तिची सगळी विक्री ६ टक्क्यांत. म्हणजे ९७,२०० रुपये.

आमच्या शीटवर नफा ७० हजारांच्या आसपास. करातला फरक पावणेसहा हजारांच्या आत-बाहेर. सीए हसले आणि म्हणाले, "माझी फी धरलीत का?" (धरली होती. तीही धंद्याचा खर्च आहे, धंद्याच्या भागापुरती.)

केवळ त्या पैशांसाठी असतं तर मी ४४एडी म्हणालो असतो. पण त्यात एकदा शिरलं की पुढची पाच वर्षं तिथेच राहावं लागतं. मध्येच सोडलं, तर सोडल्यानंतरची पाच वर्षं ते मिळत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही करावं लागतं. ताईचा पगार असताना ती मर्यादा ओलांडलेलीच असणार. येत्या वर्षात ती शिलाई मशिनं घ्यायचं म्हणतेय. नफा ६ टक्क्यांखाली जाण्याची शक्यता चांगलीच. आज आत न जाता दार उघडं ठेवलेलं बरं. नफा ६ टक्क्यांच्या बराच वर स्थिरावला की ४४एडीचा विचार करू. तेव्हा खर्चाच्या बिलांनी कराच्या बाजूने काहीच फायदा होणार नाही, हेही ताईला सांगून ठेवलं.

पहिलंच वर्ष, ४४एडी कधी घेतलेलं नाही, उलाढाल एक कोटीच्या खूप खाली, म्हणून आत्ता ऑडिट नाही. उलाढाल २५ लाखांच्या आणि धंद्याचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, तेव्हा पुस्तकं ठेवण्याची कायद्याने सक्तीही नाही. खर्चाचा दावा करणाऱ्याने ती ठेवायचीच.

ताईने जाता जाता विचारलं, तोटाच आला असता तर पगारावरचा कर कमी झाला असता का? नाही. धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. पुढची आठ वर्षं धंद्याच्याच नफ्यातून वजा करता येतो, तोही विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर.

९ ऑगस्ट

विवरणपत्राचा आयटीआर-३ फॉर्म भरायला घेतला. नफातोटा पत्रकातले रकाने आणि आमची खाती जुळत नाहीत: जाहिरात, कमिशन, मालवाहतूक, वीज यांना स्वतःची जागा आहे, पॅकिंगला नाही. ते "इतर खर्च" मध्ये नाव देऊन टाकलं. एकच मोठा "किरकोळ खर्च" करून सगळं त्यात कोंबायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

जीएसटीचं एक विवरणपत्र उशिरा गेलं होतं, त्याची लेट फी दाव्यातून वगळली. रक्कम फुटकळ, वाद मोठा. आयकरावरचं व्याज चालतच नाही.

६ सप्टेंबर

भरलं. आधार ओटीपीने लगेच पडताळणी केली. तीस दिवसांची मुदत असते म्हणून लोक ठेवून देतात आणि विसरतात. पहिल्या सहामाहीत १ टक्क्याने कापलेला टीडीएस पगाराच्या टीडीएसशी मिळून थोडा परतावा निघतोय.

१३ सप्टेंबर

चालू वर्षासाठी बदल: धंद्याचं बँक खातं वेगळं. भाओजींना खोलीच्या वाट्याचे पैसे ताईच्या धंद्याच्या खात्यातून दर महिन्याला, लेखी करून. ते भाओजींच्या उत्पन्नात दाखवावे लागतील, तेव्हा दोघांचा कर मिळून खरंच काही वाचतं का ते आधी मोजायचं. मला वाटतं, फार वाचणार नाही. सेटलमेंट रिपोर्ट दर महिन्याच्या पाच तारखेला उतरवायचे, कारण जुने रिपोर्ट पोर्टलवर शोधताना जीव जातो.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होईल आणि वर लिहिलेले कलमांचे आकडे बदलतील. २०२५-२६ चं विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याखाली.

बिलं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवली. फोल्डरचं नाव: "२०२४-२५, ३१ मार्च २०३२ आधी उडवू नये".